ऱ्हाइनची ओटी

नाही गं, कुणाची जागा नाही ही, बस तू — म्हणजे बसा म्हणायला हवं, पण तू माझ्या लेकीपेक्षा, मैथिलीपेक्षाही लहान दिसतेस, अगं-तुगं केलं तर चालेल ना? — मघाशी त्या उतारावर ठेचकाळलीस आणि "आई गं" म्हणालीस, तेव्हाच मी मान वळवली, म्हटलं, ऱ्हाइनच्या काठावर ही आपली कोण लेक आली! मुक्ता? छान नाव आहे. आणि मिस्टर? वेदांग. ड्युसेलडॉर्फला ऑफिस, गेनाऊ, बरोबर, तिथंच असायचं ते. आणि आज शनिवार असून घरी लॅपटॉप उघडून बसलेत, म्हणून तू एकटीच एस-बानची लोकल पकडून नदी बघायला आलीस — होय ना? मी काही ज्योतिषी नाही, बाई, मी पण अशीच यायची. स्टुटगार्टला होतो तेव्हा टेकड्या चढायची, इथं आलो तेव्हा नदी. मी ऊर्मिला. काकू म्हण. इथं पंचविशीच्या पोरी मला नावानं हाक मारतात, इतकी वर्षं झाली तरी कानाला गोड लागत नाही.

काय विचारत होतीस? हां, ते जहाज. अगं जहाज कसलं, नाव ती, फेरी — ह्या काठावरनं त्या काठावर. पण साधीसुधी नाही हं, रेल्वेची. हसतेस काय, खरंच रेल्वेची! त्या दोन बाजूंना गोल पेट्या दिसतायत ना, पंख्याचं चित्र काढलेल्या, त्यांच्या आत चाकं आहेत, लाकडी फळ्यांची, पाणचक्कीला असतात तशी. वाफेवर फिरायची. आल्झो, तर ऐक, त्या काळी काय व्हायचं, की आगगाडी पश्चिमेकडनं यायची ती इथं, ह्या काठाला येऊन संपायची. आणि पलीकडे, ते पिवळं घर दिसतंय ना, तिथनं दुसरी गाडी सुरू व्हायची. मध्ये नदी. पूल का नाही बांधला? तर लष्करवाले म्हणाले, पूल बांधाल तर उद्या शत्रूसुद्धा त्यावरनंच येईल. मग रेल्वेनं स्वतःची बोट बांधून घेतली. तिकीट एकच — गाडी, बोट, गाडी. कप्तानाच्या डोक्यावर रेल्वेची टोपी, आणि वेळापत्रकात हिला चक्क गाडीसारखा नंबर. गाडीला उशीर झाला की हिनं थांबायचं, वाफ धरून, तासन्‌तास. आणि हिला उशीर झाला तर मात्र बोंब! धुकं पडलं की पलीकडचा स्टेशनमास्तर काठावर उभा राहून घंटा वाजवायचा, आणि कप्तान कानानं बोट न्यायचा. सगळे त्या कप्तानाचं कौतुक करतात. मला त्या स्टेशनमास्तराचं वाटतं, थंडीत घंटा बडवत उभा राहिलेला. त्याचं नाव कुठं लिहिलेलं नाही.

मला कसं माहीत म्हणजे? पाठ आहे मला! नाश्त्याला योहाना, जेवायला योहाना — योहाना म्हणजे ही, बोटीचं नाव — झोपेत उठवलंस तरी सांगेन. पुढं ऐक ना. मग पूल झालाच शेवटी. झाला तसं रेल्वेनं काय केलं? गरज सरो, वैद्य मरो. दिली तिकडं खाडीसारखं पाणी आहे त्यात बांधून, आणि कोळसा भरून ठेवायला लागले तिच्यात. मग लढाई आली, जाता जाता त्यांच्याच सैन्यानं पूल उडवला, आणि बघ कशी आठवण झाली! घासली, पुसली, पुन्हा जुंपली. लोक म्हणे लोंबकळत जायचे, बटाट्याची पोती घेऊन. पूल पुन्हा उभा राहिला, पुन्हा हिला रामराम. कुणी हॉटेलवाल्यानं घेतली, वर नाचायला फरशी घातली, बिअर विकली, त्याचंही दिवाळं वाजलं, आणि मग ही बसली चिखलात गंजत. जिला गरजेपुरतं वापरायचं तिची अशीच गत व्हायची, त्यात नवल काय. मी बोटीबद्दल बोलतेय.

तो बँड वाजतोय ना, तो त्यासाठीच. आज फलकाचं उद्‌घाटन आहे. त्या पांढऱ्या कापडाखाली इतिहास छापलाय योहानाचा, सुरुवातीपासून आत्तापर्यंत, रंगीत फोटो-बिटो घालून, आणि वर कॅफे उघडतोय. बोट आता कायमची इथंच. फिरणार नाही. साखळदंड बघ केवढे घातलेत, पळून जाईल की काय अशी भीती असल्यासारखे. आमचे हे बोलणार आहेत आज. हे म्हणजे नागेश, माझे मिस्टर. ते बघ, त्या उंच्यापुऱ्या लोकांच्या मध्ये निळ्या टोपीतले, एक खांदा खाली असलेले — तेच. मशिनिस्ट आहेत ते योहानाचे. ऑफिसातलं काही नाही ते, हौसेचं, फेराइनचं. फेराइन म्हणजे, तुला कळेलच हळूहळू, आपल्याकडे गणपतीचं मंडळ असतं ना तसं, फक्त इथं गणपती नसतो आणि हसणं ठरलेल्या वेळी असतं. बाराही महिने मीटिंगा. मी? मी नाही जात वर. इथनं बरं दिसतं. लाउडस्पीकर आहेच की.

नाही, चिडलेली वगैरे नाहीये मी. माझा चेहराच असा आहे.

तुला सांगते, ह्यांचं चुकलं असंही नाही. कॉन्ट्रॅक्टवर आले तेव्हा केवढी उमेद होती, गाड्यांचे पार्ट करणाऱ्या कंपनीत. पण इंजिनियर म्हणून आले आणि आयुष्यभर स्क्रीनवर रेघा ओढल्या. हाताला ग्रीस म्हणून लागलं नाही. ज्यांना ह्यांनी शिकवलं ती पोरं ह्यांच्या डोक्यावर साहेब होऊन बसली, आणि दर वेळी हे घरी येऊन म्हणायचे, "तसा चांगला आहे हं तो मुलगा." मला राग यायचा, ह्यांना यायचा नाही. आणि मग एका शनिवारी फिरायला म्हणून आलो, तर ही बया दिसली. चार म्हातारे तिचा गंज खरवडत होते. हे उभे राहिले, बघत राहिले, मग कोट काढून माझ्या हातात दिला आणि उतरले खाली. झालं! त्यानंतर प्रत्येक शनिवार. दिवाळीचा असो की मैथिलीच्या वाढदिवसाचा. सवत बरी गं, सवतीला निदान झिंज्या तरी धरून ओढता येतात. पण घरी यायचे ना, नखांत काळं घेऊन, तेव्हा असे खुलून यायचे — तो चेहरा मी ऑफिसातनं आलेला कधी बघितला नव्हता. आणि तिथले सगळे ह्यांना म्हणतात, "उन्झर नागेश", आपला नागेश. सख्ख्या भावांनी कधी ह्यांना एवढ्या मायेनं हाक मारली नाही. म्हणून मी पण म्हटलं, जाऊ दे. वडे तळून दिले, चटणी करून दिली, त्यांच्या प्रत्येक सणाला. लायनीत उभे राहून खायचे सगळे.

थांब हं, कोण बोलतंय? — महापौरबाई. ह्या अजून बऱ्याच बोलतील.

हं, तर पहिली फेरी. म्हणजे दुरुस्ती झाल्यावरची पहिली चाचणी फेरी, तीन उन्हाळे झाले. ती नीट पार पडली की सरकारी माणूस सही करणार आणि मग योहाना उतारू घेऊन नदीत हिंडणार, असं होतं सगळं. नवं पेंट, पितळ चकचकीत, पेपरवाले, हाच बँड. आता तू सांग, आपल्याकडे नवी स्कूटर आणली तरी नारळ फोडतो की नाही? साधी पिठाची गिरणी घातली तरी दसऱ्याला तिला झेंडू. आणि इथं तर नदी! नदीत पहिल्यांदा उतरायचं आणि तिची ओटी भरायची नाही? माझ्या आईनं नर्मदेची भरली होती, मी आईबरोबर पैठणला गोदावरीची भरलीये. मग ऱ्हाइनला काय परकं म्हणायचं, तिचंच पाणी पितो आपण. मी मुद्दाम ड्युसेलडॉर्फला त्या श्रीलंकन दुकानात गेले, कारण इथल्या सुपरमार्केटमधला नारळ म्हणजे — घेतलायस का कधी? — गुळगुळीत दाढी केलेला, आणि मधोमध करवतीनं खाच मारून ठेवलेला, फोडायला सोपा पडावा म्हणून. असला नारळ ओटीत घालतात का? मला शेंडीचा हवा होता. शेंडीचा मिळाला. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, सगळं घेतलं, पैठणी नेसले. तो खण मात्र नाही हं टाकला पाण्यात, तेवढं मला कळतं, खण वर कठड्याला बांधला. नुसते तांदूळ आणि नारळ, तेही हात जोडून, हळूच, पुढच्या टोकावरनं. आणि सगळ्यांनी फोटो काढले की! ब्रुकमानसुद्धा, हेर म्हणजे इथलं श्रीयुत, हेर ब्रुकमान, फेराइनचा अध्यक्ष, तो उंच पांढऱ्या मिशांचा — तोसुद्धा टाळ्या वाजवून "वुंडरबार" म्हणाला.

नारळ तरंगत मागं गेला. जाणारच. उजव्या चाकाकडे गेला. आणि थोड्या वेळानं — थोड्या वेळानं हं, लगेच नाही, बोट तोवर पार त्या वळणापर्यंत गेली होती — उजव्या चाकातनं असा आवाज आला, काड्‌काड्‌काड्‌, घरातलं लोखंडी कपाट जिन्यावरनं लोटून द्यावं तसा. एक फळी पेटी फोडून बाहेर आली. बोट कलली, वाफ सुटली, शिट्टी अडकली ती वाजतच राहिली, केकची टेबलं घसरत गेली, आणि बँडवाले, तुला खोटं वाटेल, बँडवाले वाजवतच होते! वाळूत जाऊन टेकलो. अग्निशमनवाल्यांनी होड्यांतनं उतरवलं एकेकाला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, तेवढी कृपा. पण सरकारी माणसानं तिथल्या तिथं मान हलवली. परवाना नाही. आता नाही, पुन्हाही नाही.

आणि होडीतनं उतरताना मी ऐकलं, कुणीतरी म्हणालं, "दी कोकोसनुस." नारळ.

तू इंजिनियर आहेस का? नाही? बरं. मग बाई म्हणून सांग मला. देवळाच्या पायरीवर आपण नारळ फोडतो. आपटून, जोर लावून. आजवर कधी पायरी फुटलेली बघितलीस? ह्या नदीतनं अख्खी झाडं वाहत येतात पुरात, ओंडके येतात, सायकली येतात. आणि ओक लाकडाच्या फळ्या आणि हाताएवढे लोखंडी दांडे एका नारळानं मोडले! मोडतील? पण खरं सांगू, त्या दिवशी मलासुद्धा वाटलं. घरी आले, पैठणी तशीच, पायाला वाळू, आणि मी ह्यांना विचारलं, "अहो, माझ्यामुळे झालं का हो?" तर हे चटकन म्हणाले, "वेडी आहेस का तू? पिन गेली." त्या फळ्या असतात ना, त्या पाण्यात शिरताना उभ्या शिराव्यात म्हणून त्यांना मागनं दांडे जोडलेले असतात, आणि दांड्यांना पिना. त्यातली एक झिजली होती. ह्यांनी स्वतः बघितली होती, आदल्या आठवड्यात, आणि ब्रुकमानला सांगितलंही होतं की ही बदलल्याशिवाय फिरवू नका. ब्रुकमान म्हणाला, पेपरवाल्यांना बोलावलंय, महापौरबाई येणार, आता कुठं तारीख बदलायची, "एस गेट शोन." चालतंय! आपण "चालतंय" म्हटलं तर हे लोक आपल्यावर लेक्चर झोडतात, आणि स्वतःवर आलं की एस गेट शोन. मी त्या रात्री शांत झोपले, हं. म्हटलं, चला, नदी माझ्यावर रागावलेली नाही.

मग मीटिंग झाली. त्यांच्या त्या हॉलमध्ये, सगळे बसलेले, मी मागं कॉफीच्या थर्मासपाशी. ब्रुकमान उठला आणि म्हणाला, आपण कुणालाही दोष देत नाही आहोत — आणि बघितलं माझ्याकडे. अगदी प्रेमानं. म्हणाला, श्रद्धेचा प्रश्न आहे, परंपरा आहे, त्यांना माहीत नव्हतं. सगळ्या माना वळल्या. मी बघितलं ह्यांच्याकडे. हे आपल्या नखांकडे बघत होते. मी वाट बघितली. पुन्हा बघितलं. आणि मग माझ्याच तोंडून गेलं, "एन्टशुल्डिगुंग." माफ करा! का म्हणाले मी? अगं सवय. आपल्याला रस्त्यात कुणाचा पाय लागला तरी आपणच वाकून नमस्कार करतो, भांडण नको म्हणून आधी आपणच सॉरी म्हणतो, त्यानं काही गुन्हा कबूल होतो का? आपल्याकडे समोरचा म्हणतो, "अहो छे छे, तुमचं काय त्यात." इथं कुणी छे छे म्हणालं नाही. त्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या दृष्टीनं तिथं केस संपली, गुन्हेगार सापडला आणि तोही वडे तळणारा, गरीब. टाळ्यासुद्धा वाजवल्या, माझ्या प्रामाणिकपणाबद्दल.

घरी आल्यावर विचारलं ना! न विचारते का? हे म्हणाले, पिनेचं बोललो तर ब्रुकमान जाईल, तो गेला की फेराइन मोडेल, फेराइन मोडलं की बोट भंगारात. "जरा थांब, मार्गी लागू दे." थांबले. मग म्हणाले, ब्रुकमानचं हृदयाचं ऑपरेशन आहे, आत्ता नको. थांबले. मग नगरपालिकेशी बोलणी चाललीयेत, कॅफेचं ठरतंय, आत्ता नको. आत्ता कधीच नसतं गं ह्यांचं. आणि इकडे मी गावात नारळवाली बाई झाले. बेकरीतली मुलगी हसून म्हणते, "आज कोकोस-केक देऊ की नको?" चांगल्या मनानं म्हणते, म्हणून तर काही बोलताही येत नाही. मैथिलीला फोनवर सांगितलं, ती हायडेलबर्गला असते, संशोधन करते, तर म्हणाली, "मामा, लास एस." मामा म्हणजे मी, आई; सोड म्हणे. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर जर्मनमध्येच येतं. तेव्हापासून मी त्या बोटीवर पाय ठेवलेला नाही. ओटी म्हणशील तर, ऱ्हाइनची काय, कुणाचीच भरली नाही. गेल्या वर्षी बहिणीकडे नाशिकला गेले होते, सगळ्या गोदावरीवर निघाल्या, मी डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले.

आणि सांगितलं होतं कुणी नारळ आण म्हणून? — जाऊ दे. — नाही, ऐकच. ह्यांनी! मला कुठं सुचणार होतं, मी तर टाचेच्या चपला घालायच्या की सपाट ह्या काळजीत होते. आदल्या दिवशी हेच म्हणाले, "ऊर्मिला, पहिली फेरी आहे, नारळ आणशील? शेंडीचा बघ. आणि ओटी भर नदीची, आई असती तर तिनं भरली असती." पुस्तकातल्यासारखं बोलले, डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणून गेले मी ड्युसेलडॉर्फला. हे मी कुणाला बोललेले नाही. मैथिलीलाही नाही. तुला का सांगतेय कोण जाणे.

आता त्या फलकावर काय छापलंय माहितीये? मी वाचलंय, आमच्याच जेवणाच्या टेबलावर प्रूफ पडलं होतं, ह्यांनीच लाल पेननं चुका दुरुस्त केल्या. शेवटची ओळ — "चाचणी फेरीत एका पाहुण्या बाईंनी पाण्यात टाकलेल्या नारळामुळे उजव्या चाकाचे नुकसान झाले आणि योहानाचा प्रवास कायमचा थांबला." पाहुण्या बाई! एवढ्या वर्षांचे वडे, आणि मी पाहुणी. कापड काढलं की ते कायमचं गं. आम्ही मरू, आणि शाळेची पोरं येऊन वाचतील ते. मी आज सकाळी चहाचा कप ठेवला ह्यांच्यासमोर आणि म्हटलं, एकच विचारते. तर मला बोलूच दिलं नाही. हात धरला. म्हणाले, "आज बोलतो. सगळ्यांसमोर. कापड काढायच्या आधी. पिनेचं सगळं सांगतो, ती ओळ काढायला लावतो. तू ये मात्र." म्हणून आलेय. नाहीतर मी कशाला ह्या बँडाच्या वाऱ्याला उभी राहते! हात धरून म्हणाले गं. आमच्यात ते हात-बित धरणं नाहीये फारसं.

श्श. ब्रुकमान. — आभार मानतोय. नगरपालिकेचे, बँकेचे, केक आणणाऱ्यांचे. — म्हणतोय, आता ज्यांच्याशिवाय हे इंजिन एकदाही फिरलं नसतं — उन्झर नागेश. बघ, टाळ्या बघ कशा वाजवतायत. टोपी काढली ह्यांनी. कागद नाहीये हातात, बरं झालं, कागद असला की हे नुसतं वाचतात.

तुला अजून कळत नसेल ना सगळं? मी सांगते, तू ऐक. म्हणतायत, प्रिय मित्रांनो. म्हणतायत, योहाना रेल्वेची मुलगी, पण सांभाळली तुम्ही. — हे नेहमीचंच. — म्हणतायत, मी परका म्हणून आलो, आणि ह्या बोटीच्या पोटात मला घर मिळालं. बोटीच्या पोटात. बरं. — आता त्या दिवसावर आले. म्हणतायत, त्या दिवशी मी खाली होतो, इंजिनपाशी. उजव्या चाकाचा आवाज मला आधीपासूनच — ऐक, ऐक! — आधीपासूनच आवडत नव्हता! बघितलंस? म्हणाले! आलं ते, आलं — दे गं तुझा हात — सगळ्यांसमोर म्हणाले, आधीपासून आवडत नव्हता, ब्रुकमानकडे बघतायत, त्यानं मिशीला हात लावला बघ — आता पिन. आता म्हणतील पिन.

थांबले. पाणी पितायत.

बोला ना हो. बोला.

"आणि मग," म्हणतायत, "आली माझी बायको."

म्हणतायत… भारतात नदीला खाऊ घालायची पद्धत आहे. माझ्या बायकोला वाटलं, ऱ्हाइनला भूक लागलीय.

हसतायत सगळे. ऐकू येतंय ना तुला. महापौरबाई केवढ्या हसतायत. ब्रुकमाननं पाठीवर हात ठेवला ह्यांच्या.

म्हणतायत, मी तिला कितीदा सांगितलं, अगं ही जर्मन नदी आहे, हिला सॉसेज घाल. — म्हणतायत, त्या दिवसापासून आमच्या घरात नारळाला बंदी आहे.

खोटं आहे ते. परवाच ओल्या नारळाची चटणी केली होती. दोनदा मागून घेतली.

आता काय — मला शोधतायत. "ऊर्मिला, वो बिस्ट डू?" माइकवरनं विचारतायत, कुठं आहेस. दिसले मी. बोट दाखवतायत इकडे. सगळे वळले बघ, अख्खी बोट वळली. टाळ्या वाजवतायत, माझ्यासाठी. तू पण बघ समोर, अशी खाली मान घालू नकोस, त्यांना वाटेल काय झालं. हात हलवायला हवा. नाहीतर म्हणतील, रागावली, हिला विनोद कळत नाही. हा बघ, हलवला. हसले पण. दात दिसले का माझे? दिसले ना, मग झालं.

कापड काढलं त्यांनी.

नको, पाणी नको मला. नाही, तुमच्याकडे पोहे खायला पण नको, गुणाची आहेस. फोन नंबर नको देऊस, खरंच नको, मी करणार नाही, आणि तू उगीच वाट बघशील. वेदांगला सांग, लॅपटॉप बंद कर म्हणावं. की नको, राहू दे, नको सांगूस काही. पर्स घे तुझी. त्या उतारावरनं जाऊ नकोस परत, तिकडनं पायऱ्या आहेत.

ऊठ, निघ तू. हे उतरले बघ खाली, इकडेच येतायत, हसत हसत. मला त्यांच्याशी दोन शब्द बोलायचेत, आणि तुला मराठी कळतं.